रेवंदचिनीची वाट

मंडळी, आजचा विषय जरा अवघड जागेचा आहे. आपल्याकडे म्हणच आहे ना, अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर! मी बद्धकोष्ठाविषयी बोलणार आहे असं घरी सांगितलं, तेव्हा आधी सगळे हसले. मग एकेक जण बाजूला येऊन हळूच विचारू लागला, "तुम्ही काय घेता?" घराघरात असलेलं आणि चारचौघांत न बोललं जाणारं असं हे दुखणं. आपण त्याला सरळ नावही देत नाही. ‘पोट साफ नाही’, ‘कोठा जड आहे’ असं म्हणून वेळ मारून नेतो.

मी कवी माणूस. बी.ए.ला इतिहास होता, एवढाच काय तो अभ्यासाचा आधार. डॉक्टर नाही, हकीम नाही, वैद्यही नाही. पण एका शब्दानं मला या विषयात ओढलं. लहानपणी अम्मी मला गुलमंडीवर काष्ठौषधींच्या दुकानात पाठवायची. सोनामुखी, गुलकंद, सुंठ आणि कधी कधी रेवंदचिनी. पिवळट तपकिरी मुळीचे तुकडे कागदाच्या पुडीत बांधून मिळायचे. घरी येईपर्यंत बोटं पिवळी व्हायची. दालचिनी, चोपचिनी, कबाबचिनी, रेवंदचिनी. या सगळ्यांच्या शेपटीला चीन कसा काय लागला, हा प्रश्न तेव्हापासूनचा.

दालचिनीचं सोडा. तिच्या नावात चीन असला तरी आपली ओळखीची दालचिनी सिलोन-मलबारची. पण रेवंदचिनी खरोखरच चीनची. ‘रेवंद’ हा फारसी शब्द, आणि ‘चिनी’ म्हणजे चीनमधली. चीनच्या वायव्येकडच्या आणि तिबेटलगतच्या थंड, उंच प्रदेशात ही वनस्पती वाढते. काही वर्षं वाढू दिल्यावर तिची जाड मुळं खणून, कापून वाळवतात. चिनी लोक तिला ‘दा हुआंग’ म्हणतात. अर्थ अगदी साधा, मोठी पिवळी. त्यांच्या वैद्यांनी तिला आणखी एक टोपणनाव दिलं होतं, ‘सेनापती’. आत अडून बसलेल्याला ती हुकूम देऊन बाहेर काढते म्हणून. आज आपल्या बाजारात याच नावानं जी मुळी मिळते, ती बहुतेक करून तिच्या हिमालयातल्या भावंडाची असते. नाव मात्र चीनचंच राहिलं.

इसवी सन २००च्या सुमारास चीनमध्ये झांग झोंगजिंग नावाचा मोठा वैद्य होऊन गेला. त्याच्या नावावरचा एक काढा आजही तिथे शिकवला जातो. त्यात रेवंदचिनी, एक रेचक क्षार, मॅग्नोलियाच्या झाडाची साल आणि कडू संत्र्याचं कच्चं फळ अशी चारच द्रव्यं. पण हा काढा सरसकट कुणालाही द्यायचा नाही. ताप आहे, पोट ताठरलंय, जीभ कोरडी पडलीय, आत ‘उष्णता’ साचली आहे अशांसाठीच तो. म्हातारपणानं, बाळंतपणानं किंवा लांबलेल्या आजारानं ज्याचं शरीर आतून कोरडं झालंय, त्याला हा सेनापती झेपत नाही. अशांसाठी त्याच परंपरेत दुसरी, स्निग्ध बियांची गोळी आहे. म्हणजे दुखण्याचं नाव एक, पण माणूस पाहून औषध वेगळं.

हे ऐकताना आपल्याला आपला आयुर्वेद आठवतो. आपले वैद्यही मृदू कोठा, मध्यम कोठा, क्रूर कोठा असा भेद करतात. एकाला कपभर गरम दूध पुरतं, दुसऱ्याला एरंडेलही हलवत नाही. युनानी हकीमही तसेच. त्यांच्याकडे ‘मुलय्यिन’ म्हणजे नरम करणारं औषध वेगळं आणि ‘मुसहिल’ म्हणजे जुलाब घडवणारं वेगळं. मुसहिल देण्याआधी काही दिवस शरीराची तयारी करून घ्यायची, अशी त्यांची रीत. कब्ज ही सगळ्या रोगांची आई, असं हकीम मंडळी म्हणत आली. आपला त्रिफळा अरबांकडे गेला आणि ‘इत्रीफल’ होऊन युनानीच्या बरणीत बसला. इसबगोल हा शब्द फारसी. ‘अस्प’ म्हणजे घोडा आणि ‘गोल’ म्हणजे कान. पिकतो मात्र गुजरात-राजस्थानात, आणि तिथून जगभर जातो. आता सांगा, यातलं देशी कोण आणि परदेशी कोण?

रेवंदचिनी आपल्याकडे आली कशी? मध्य आशियातून, उंटांच्या पाठीवर. समुद्रावरच्या दमट हवेत ही मुळी लवकर किडते, म्हणून कोरडी खुष्कीची वाट तिला मानवायची. चीनमधून उझबेकांच्या मुलखातून इराण, तिथून होर्मुझ बंदर, आणि मग जहाजानं आपला पश्चिम किनारा. आपल्या शहराला मध्य आशिया काही परका नाही. पाणचक्कीच्या आवारात ज्यांचा दर्गा आहे ते बाबा शाह मुसाफिर बुखाऱ्याकडच्या गुजदवान गावाहून दख्खनमध्ये आले होते. ज्या मुलखातून माणसं आली, फकिरी आली, शब्द आले, त्याच मुलखातून ही पिवळी मुळीही आली.

या वाटेविषयी लिहून ठेवणारा एक माणूस आपल्याच परिसरात वावरून गेला. त्याचं नाव गार्सिया द ओर्ता. हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला आणि पुढची ३४ वर्षं, मरेपर्यंत, इकडेच राहिला. अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा, बुऱ्हाण निजामशाह त्याचा आश्रयदाता आणि स्नेही. या निजामशाही घराण्याचं मूळ परभणी जिल्ह्यातल्या पाथरीच्या ब्राह्मण कुळात सांगितलं जातं. म्हणजे बघा, मराठवाड्यात मूळ असलेला मुसलमान सुलतान, त्याच्या दरबारात अरबी-फारसी शिकलेले हकीम, गावोगावचे हिंदू वैद्य, आणि त्यांच्यामध्ये बसून प्रत्येक मुळीचं स्थानिक नाव विचारणारा हा पोर्तुगीज. पुढे मुंबई बेटही त्याच्याकडे भाडेपट्ट्यानं होतं.

१५६३ साली गोव्यात ओर्ताचा ग्रंथ छापला गेला. भारतात छापल्या गेलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी तो एक. दोन वैद्य एकमेकांशी गप्पा मारताहेत अशा ढंगात इथल्या औषधी वनस्पतींची माहिती त्यात आहे. त्यात एक संवाद रेवंदचिनीवर आहे. ही मुळी चीनहून खुष्कीनं होर्मुझला येते आणि तिथून हिंदुस्थानात, असं तो सांगतो. युरोपातल्या जुन्या पोथ्यांत काय लिहिलंय यापेक्षा समोरचा हकीम, समोरचा व्यापारी काय सांगतो, याला त्यानं किंमत दिली.

या ओर्ताचा शेवट मला अस्वस्थ करतो. त्याचं घराणं मूळचं ज्यू, सक्तीनं ख्रिस्ती झालेलं. तो १५६८ साली वारला. १५६९ साली गोव्याच्या इन्क्विझिशननं, म्हणजे धर्मन्यायालयानं, त्याच्या बहिणीला जिवंत जाळलं. १५८० साली ओर्ताची हाडंही कबरीतून उकरून जाळली. गुपचूप जुना धर्म पाळल्याचा आरोप होता. ज्यानं हकीम, वैद्य, ज्यू, ख्रिस्ती असा भेद न करता ज्ञान गोळा केलं, त्याची हाडं धर्माच्या नावानं जाळली गेली. पुस्तक मात्र उरलं. लॅटिनमध्ये जाऊन ते युरोपभर वाचलं गेलं.

तिकडे युरोपातही या मुळीवाचून अडत होतं. अठराव्या शतकात रशियाच्या सरकारनं तिचा व्यापार आपल्या मुठीत ठेवला होता. एडिंबरोच्या जेम्स ग्रेगरी या डॉक्टरची भुकटी एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या घरोघरी असायची. त्यात होतं काय? रेवंदचिनी, मॅग्नेशिया आणि सुंठ. म्हणजे त्या काळची पाश्चात्य वैद्यकी आणि चिनी वैद्यकी यांच्या पोटात एकच मुळी होती. पाश्चात्य डॉक्टरांकडे आणखी एक औषध होतं, पाऱ्यापासून केलेलं कॅलोमेल. ते सर्रास दिलं जाई आणि त्यानं अनेकांच्या हिरड्या, दात आणि प्रकृतीचं वाटोळं झालं. जुनं ते सगळं सोनं नसतं, आणि विलायती ते सगळं शास्त्रीयही नसतं.

इथे इतिहासानं एक विचित्र थट्टा केली आहे, आणि तिचा धागा आपल्या मुंबईशी जुळतो. अफूनं आतडं मंदावतं, मळ कोरडा होतो, घट्ट बद्धकोष्ठ होतो. हे औषधशास्त्रातलं जुनं सत्य आहे. कर्करोगाच्या वेदनांसाठी आजही मॉर्फिन देतात तेव्हा सोबत रेचक द्यावंच लागतं. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबईच्या बंदरातून चीनला जात होती. १८३९ साली चिनी अधिकारी लिन झेशू यानं २०,०००हून जास्त पेट्या अफू नष्ट केली आणि व्हिक्टोरिया राणीला उद्देशून पत्र लिहिलं. आमचा चहा आणि रेवंदचिनी यांवाचून तुमचं चालत नाही, आणि तुम्ही आम्हाला विष पाठवता, असा त्याचा आशय होता. ही मुळी मिळाली नाही तर परदेशी लोक कोठा तुंबून मरतील, असं तेव्हा चीनमध्ये बरेच जण मानत. राणीपर्यंत ते पत्र पोचलंच नाही. पोचल्या त्या तोफा. आपण बांधणारं पाठवत होतो आणि ते सोडवणारं!

त्या व्यापारात मुंबईचे अनेक शेटजी होते. सर जमशेटजी जीजीभॉय त्यांतले अग्रगण्य. कापूस आणि अफू या दोन्हींचा त्यांचा चीनशी व्यापार होता. त्यांच्या देणगीतून जे. जे. रुग्णालय उभं राहिलं, आणि त्याला जोडून १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. महाराष्ट्रात पाश्चात्य वैद्यकीचं पद्धतशीर शिक्षण इथून सुरू झालं. त्यानं लाखोंचे जीव वाचवले, हेही खरं. आणि त्या पैशात अफूचा वाटा होता, हेही खरं. इतिहास असा एका रंगाचा नसतो.

पाश्चात्य वैद्यकीनं या दुखण्यात खरी भर घातली ती औषधापेक्षा कारण शोधण्यात. १८९९ साली लंडनच्या बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनी आतड्याची चाल उलगडून दाखवली. अन्नाच्या मागचा भाग आवळतो, पुढचा सैल होतो, आणि ही लाट पुढे सरकते. आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंचं स्वतःचं जाळं असतं. मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब. मळातलं पाणी शोषून घेणं हे त्याचं काम. चाल मंदावली की पाणी जास्त शोषलं जातं आणि मळ खडा होतो. सोनामुखीतली आणि रेवंदचिनीतली जुलाब घडवणारी द्रव्यं एकाच कुळातली निघाली. ती तशीच मोठ्या आतड्यापर्यंत जातात, तिथले जिवाणू ती फोडतात, आणि मग आतडं हलतं. म्हणून तर रात्री घेतलेली पुडी सकाळी लागू पडते. रेवंदचिनीत तुरट द्रव्यंही असतात, त्यामुळे ती आधी सोडवते आणि मागाहून पुन्हा बांधते. इसबगोल मात्र आतडं ढोसत नाही, पाणी धरून ठेवतं. त्यासोबत भरपूर पाणी प्यायलं नाही तर उलटाच त्रास.

या ज्ञानाच्या वाटेवरही खड्डे होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनचा नामांकित सर्जन आर्बथनॉट लेन याची खात्री होती की, तुंबलेल्या मळाचं विष अंगात भिनतं. त्यानं कित्येक रुग्णांचं मोठं आतडंच कापून काढलं! पुढे ती समजूत टिकली नाही. पण ‘रोज पोट साफ झालंच पाहिजे, नाहीतर अंगात विष पसरेल’ ही भीती जाहिरातींत अजून जिवंत आहे. वैद्यकी तर म्हणते, दिवसातून तीनदापासून आठवड्यातून तीनदापर्यंत सगळं चालण्यासारखं आहे, त्रास नसला तर.

आणि चिनी वैद्यकीचं आज काय? आपल्याला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ठाऊक आहेत. १९३८ साली पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात ते होते. १९४२ साली तिथेच वारले. त्याच पथकातले डॉ. विजयकुमार बसू पुढे १९५०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, अॅक्युपंक्चर शिकले आणि ते कलकत्त्यात घेऊन आले. आपल्या महाराष्ट्रानं तर २०१५च्या कायद्यानं या पद्धतीला मान्यता दिली. २०१६ साली चीनमधल्या १५ रुग्णालयांतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बद्धकोष्ठाचा जुना, तीव्र त्रास असलेले १,०७५ रुग्ण. निम्म्यांना सुयांतून सौम्य वीज देऊन खरा उपचार, निम्म्यांना सुयांचा नुसता देखावा. आठ आठवड्यांच्या उपचारात खऱ्या सुयांच्या गटात शंभरातल्या ३१ जणांना नीट आराम पडला, देखाव्याच्या गटात १२ जणांना. म्हणजे सुयांत काहीतरी आहे. आणि शंभरातल्या ६९ जणांना तेवढा आराम पडला नाही, हेही त्याच कागदावर आहे. हे दोन्ही आकडे एका दमात सांगावेत, एवढंच माझं म्हणणं.

आता अम्मीची गोष्ट सांगतो. खरं तर तिच्यासाठीच हे सगळं बोलतोय.

अम्मी वर्षानुवर्षं सोनामुखीची पुडी घ्यायची. गल्लीतल्या म्हाताऱ्या हकीमसाहेबांकडे ती जायची तेव्हा पडद्याआडून बोलायची. हकीमसाहेब झोपेचं विचारायचे, तहान विचारायचे, नाडी बघायचे. ते गेले, दवाखाना बंद झाला, आणि उरली ती फक्त पुडी. विचारणारं कुणी उरलं नाही. मी नोकरीवरून येताना गुलमंडीवरून पुडी आणायचो. २०१०च्या सुमारास तिचं सगळं बदललं. कधी चार दिवस काही नाही, कधी एकाच दिवसात तीनदा. ती एवढंच म्हणायची, "पेट साफ नै होरा रे." मी दोन पुड्या जास्त आणायचो. रक्त जात होतं, ते तिनं कुणालाच सांगितलं नाही. मुलाला कसं सांगायचं? सुनेलाही नाही. दीड वर्ष गेलं.

शेवटी चक्कर येऊन पडली तेव्हा दुर्बिणीनं तपासणी झाली. तरुण डॉक्टरांनी मला आत बोलावून पडद्यावर दाखवलं. आतड्याचं अस्तर काळपट झालं होतं. ते म्हणाले, "सोनामुखी किती वर्षं घेतात या? हा रंग तिचा. त्याचं काही नाही, औषध थांबवलं की काही महिन्यांत जातो. पण हे बघा." त्या काळपट अस्तरावर एक फिकट गाठ उठून दिसत होती. अम्मीला अजून दोन वर्षं मिळाली.

सोनामुखीनं तिला मारलं नाही, हे मला डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. हकीमसाहेबांचाही यात दोष नाही. चूक होती ती न विचारण्याची आणि न सांगण्याची. झांग झोंगजिंग काय, हकीम काय, आपले वैद्य काय, जुन्या सगळ्यांनी आधी माणसाला प्रश्न विचारले होते, मग मुळी दिली होती. आपण मुळी ठेवली आणि प्रश्न सोडून दिले. नव्या वैद्यकीकडे आत बघणारी दुर्बीण आहे, पण रुग्ण तोंड उघडेपर्यंत तीही कपाटातच.

म्हणून मंडळी, थोडं स्पष्ट बोलतो. ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाजी, फळं, पुरेसं पाणी, चालणं, आणि सकाळी खाण्या-पिण्यानंतर आतडं हाक देतं तेव्हा घाई न करता बसणं. बऱ्याच जणांना एवढंच पुरतं. तेवढ्यानं भागलं नाही तर कुठल्याही पॅथीच्या जाणत्या माणसाला विचारून औषध घ्या. पण पन्नाशीच्या आसपास पोटाची सवय अचानक बदलली, कोणत्याही वयात मळातून रक्त गेलं, वजन उतरलं, पोट फुगून वारा सरणंही बंद झालं, तर पुडी बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडे जा. शेवटच्या लक्षणाला तर एक दिवसही थांबू नका.

घरी गेल्यावर आपल्या आईला, वडिलांना, सासूबाईंना एकदा सरळ विचारा, "पोट कसं आहे?" त्या लाजतील, विषय बदलतील. पुन्हा विचारा. मी विचारलं नव्हतं.